दार बंद झालं तर?

'ट्रस्ट' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? देवस्थानाचा ट्रस्ट, शाळेचा ट्रस्ट, फार तर एखादं धर्मादाय रुग्णालय. चार विश्वासू माणसं, पावतीपुस्तक आणि धर्मादाय आयुक्तांकडे जाणारा हिशेब. म्हणूनच आमच्या महिला मंडळातल्या एक काकू परवा अगदी निर्धास्तपणे सांगत होत्या, ''मुलगा लंडनला असतो ना, तो म्हणतोय बाबांच्या फंडातले थोडे पैसे तिकडे इन्व्हेस्टमेंट ट्रस्टमध्ये टाकू. पूर्व युरोपातले नवे बाजार आहेत, वाढतील. आता ट्रस्टच आहे म्हटल्यावर बुडायची काय भीती?''

पैसा नवऱ्याच्या आयुष्यभराच्या नोकरीचा, निर्णय मुलाचा आणि सही मात्र आईची! मुलं परदेशात असलेली अशी घरं आता आपल्यापैकी प्रत्येकीच्या ओळखीत आहेत. सही करायचीच असेल तर ती कशावर करतोय, एवढं तरी समजून घ्यायला हवं, नाही का?

नाव ट्रस्टचं, काम कंपनीचं

ब्रिटनमधला इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट म्हणजे शेअरबाजारात नोंदलेली चक्क एक कंपनी. तिचा धंदा एकच, दुसऱ्या कंपन्यांचे शेअर्स घेऊन ठेवणं. या प्रकाराची सुरुवात १८६८ साली लंडनमध्ये झाली. 'फॉरिन अँड कलोनियल' नावाचा ट्रस्ट निघाला आणि त्याने रशिया, तुर्कस्तान, इजिप्त अशा अनेक देशांचे सरकारी कर्जरोखे थोडे थोडे घेतले. एखाद्या देशाने पैसे बुडवले तरी बाकीचे तारतील, आणि जी सोय बड्या सावकाराला ती मध्यमवर्गीयालाही मिळेल, हा त्यामागचा विचार. सुरुवातीला तो खरोखरीच ट्रस्ट होता. पुढे त्याची कंपनी झाली, नाव तेवढं मागे राहिलं. हा ट्रस्ट आजही चालू आहे!

कामाची पद्धत समजायला आपला बचत गट आठवा. समजा गटात वीसच जणी घ्यायच्या आणि मध्येच कुणाला पैसे परत द्यायचे नाहीत असं ठरलं. मग जिला बाहेर पडायचंय तिने आपली जागा घेणारी दुसरी बाई शोधायची. ती जे देईल तेच हिचे. ट्रस्टच्या शेअर्सची संख्या अशीच ठरलेली असते. म्हणून त्याला दोन किमती असतात. आतल्या मालाची किंमत, तिला एनएव्ही म्हणतात, आणि बाजारात मिळणारा भाव. आत शंभराचा माल असून बाहेर अठ्ठ्याऐंशीच मिळत असतील तर तो बारा टक्के 'डिस्काउंट'. कधी उलटंही होतं, त्याला 'प्रीमियम' म्हणतात.

हे आपल्याला अगदीच नवं नाही. १९९४ च्या जानेवारीत मॉर्गन स्टॅन्ले ग्रोथ फंड आला तेव्हा नुसत्या अर्जांसाठी रांगा लागल्या होत्या. पंधरा वर्षं मुदतीचा तो बंद फंड. त्याची युनिट्स पुढे कितीतरी काळ आतल्या मूल्यापेक्षा कमी भावाने विकली जात होती. रांगेत उभं राहणाऱ्या किती जणांना या दोन किमतींची कल्पना होती, कोण जाणे!

बंद फंडाचा एक फायदा मात्र आहे. नेहमीच्या, म्हणजे 'खुल्या' फंडात सगळे एकदम पैसे मागायला आले की फंडाला मिळेल त्या भावाने माल विकावा लागतो, नाहीतर दार लावून घ्यावं लागतं. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टच्या 'यूएस-६४' योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली गेली, तेव्हा किती पेन्शनरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं! लंडनच्या ट्रस्टवर ही पाळी येत नाही. निघून जाणाऱ्याला पैसे बाजारातला दुसरा गिऱ्हाईक देतो, ट्रस्टला हात लावावा लागत नाही.

वॉर्सा ते मॉस्को

आता त्या 'नव्या' बाजारांकडे वळू. १९८९ नंतर पूर्व युरोपातल्या साम्यवादी राजवटी एकामागून एक कोसळल्या आणि सरकारी कारखान्यांचे शेअर्स विकायला निघाले. १६ एप्रिल १९९१ रोजी पोलंडमध्ये वॉर्साचा शेअरबाजार उघडला, तोही कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या मुख्यालयात! पहिल्या दिवशी तिथे कंपन्या होत्या फक्त पाच. मग १ मे २००४ रोजी युरोपियन युनियनमध्ये दहा देश दाखल झाले, त्यातले आठ पूर्वीच्या साम्यवादी गटातले. पोलंड, हंगेरी, झेक प्रजासत्ताक ही नावं गुंतवणूकदारांच्या तोंडी आली.

पण 'उभरता युरोप' म्हणून जे फंड विकले जात, त्यात मोठा वाटा असे रशियाचा. तेल, वायू आणि बँका. गॅझप्रॉम, लुकऑइल, स्बेरबँक ही त्यातली बडी नावं. २००२ च्या अखेरीस लंडनमध्ये दोन ट्रस्ट सुरू झाले. 'बेअरिंग इमर्जिंग युरोप' साऱ्या प्रदेशासाठी, आणि आज जे. पी. मॉर्गनच्या नावाने ओळखला जाणारा दुसरा, फक्त रशियासाठी.

चढउतार म्हणाल तर छातीत धडकी भरवणारे. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियन सरकारने कर्जफेड थांबवली, तेव्हा वर्षभरात तिथल्या निर्देशांकाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग धुऊन निघाला. २००८ च्या मे ते डिसेंबरात पुन्हा पाऊण हिस्सा गेला. तरी दोन्ही वेळा थांबलेल्यांना बाजार परत वर आलेला दिसला. त्यातूनच 'पडलं की घ्या, थांबा, मिळवा' हा मंत्र तयार झाला.

२०२२ चा धडा

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्यापुढच्या सोमवारपासून मॉस्कोच्या बाजारात शेअर्सचे व्यवहार जवळजवळ महिनाभर बंद राहिले, आणि उघडले तेव्हा परदेशी लोकांना विकायला मनाई! ३ मार्चला लंडनच्या बाजाराने रशियन कंपन्यांच्या पावत्यांचे व्यवहार थांबवले. ९ मार्चला एमएससीआय या जगभर मानल्या जाणाऱ्या निर्देशांकातून रशियाला जवळपास शून्य भावाने काढून टाकलं. ट्रस्टच्या वह्यांमध्येही रशियन शेअर्सची किंमत शून्याच्या आसपास आली.

गंमत म्हणजे, खरं तर दुःखाची गोष्ट म्हणजे, त्या कंपन्या बुडाल्या नव्हत्या. वायू निघत होता, बँकेच्या शाखा उघडत होत्या. काही कंपन्यांनी लाभांशही दिला. पण परदेशी भागधारकांचा लाभांश रशियातल्याच एका खास खात्यात जमा होतो आणि बाहेर नेता येत नाही. घर आपलं, भाडंही जमा होतंय, पण किल्ली दुसऱ्याकडे!

रशियात पैसे घालणाऱ्या खुल्या फंडांना तेव्हा व्यवहारच थांबवावे लागले. ट्रस्टचा शेअर लंडनमध्ये विकता येत होता, म्हणजे बंद फंडाची पद्धत इथे उपयोगी पडली. पण भाव? तो कधीच कोसळला होता. ट्रस्ट आपल्याला गर्दीपासून वाचवतो, एका कंपनीच्या दिवाळखोरीपासून वाचवतो. पण एखाद्या सरकारनेच दार लावलं तर त्याच्या हातात काही राहत नाही. १८६८ च्या मंडळींनी अनेक देश निवडले होते ते उगीच नाही. एकाच देशात सगळं ठेवणाऱ्याला हे शहाणपण उपयोगी कसं पडणार?

पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये भागधारकांच्या मतदानाने त्या रशियन ट्रस्टचं धोरण आणि नाव बदललं. 'युरोप, मध्य पूर्व आणि आफ्रिका' असा पसारा झाला. बेअरिंगच्या ट्रस्टने तर २०२० मध्येच तसा बदल केला होता. म्हणजे 'युरोप' म्हणून घेतलेल्या शेअरच्या पोटात सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका येऊन बसले. आणि त्यानंतरच्या काळात त्या माजी रशियन ट्रस्टचा भाव त्याच्या एनएव्हीच्या दुपटीहून जास्त झालेला दिसला. का, तर ते अडकलेले शेअर्स कधीतरी सुटतील ही आशा. वहीत ज्याची किंमत शून्य, त्याच्या आशेला लोक रोख पैसे मोजत होते!

चलनाचीही एक मेख असते. २०२२ मध्ये इस्तंबूलचा निर्देशांक जवळजवळ तिप्पट झाला. वाचून तोंडाला पाणी सुटेल. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात तुर्कस्तानातली महागाई ८५ टक्क्यांवर होती आणि तिथला लिरा सतत घसरत होता. आपल्या बाबतीत तर तिथलं चलन, पौंड आणि रुपया अशा तीन पायऱ्या उतरून पैसा घरी यायचा.

मग करायचं काय?

मैत्रिणींनो, तिकडे ढुंकूनही बघू नका असं मी म्हणत नाही. पोलंडसारख्या देशाने या तीस-पस्तीस वर्षांत खरोखर प्रगती केली आहे आणि २०२५ मध्ये तिथला बाजार जोरात वाढला. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार आपल्यापैकी कुणालाही दर आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम रीतसर बाहेर पाठवता येते. २००४ मध्ये ही योजना आली तेव्हा मर्यादा पंचवीस हजारच होती. मात्र परदेशातली गुंतवणूक इथल्या आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते, हे मुलं सांगायला विसरतात.

पण सहीआधी काही प्रश्न विचारा, आणि उत्तरं लिहून घ्या. ट्रस्टचे पैसे नेमक्या कोणत्या देशांत आहेत? नावावर जाऊ नका, वार्षिक अहवालात यादी असते. एका देशाचा वाटा किती? भाव एनएव्हीच्या वर आहे की खाली, आणि का? ट्रस्टने कर्ज काढून शेअर्स घेतलेत का? तसं असेल तर चढताना आनंद दुप्पट, उतरताना रडूही दुप्पट.

त्याहून महत्त्वाचं, हा पैसा तुम्हाला कधी लागणार आहे? गुडघ्याचं ऑपरेशन, महिन्याचा किराणा, सोसायटीची बिलं यासाठीचा पैसा अशा ठिकाणी जाता कामा नये. दहा वर्षं दार उघडलं नाही तरी ज्याच्यावाचून अडणार नाही, तेवढाच पाठवावा.

आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला आपण बायका फार संकोचतो. शेअर्स कुणाच्या नावावर घेणार? पैसे आईचे आणि खातं मुलाचं, असं झालं तर कागदोपत्री ते मुलाचेच. मुलगा कितीही गुणी असला, तरी उद्या त्याला काही झालं तर लंडनच्या त्या वहीत तुमचं नाव कुठे आहे? मॉस्कोचं दार उघडणं आपल्या हातात नाही. पण आपल्याच पैशावर आपलं नाव लावून घेणं तर आहे ना?