न उघडता येणाऱ्या मडक्यावर संशोधन कसं करायचं?

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : "तुमचा डेटा काय?" कलेवर काम करू इच्छिणारे बरेच विद्यार्थी उत्तरादाखल कलावंताचं नाव सांगतात. पण नाव हा झाला विषय. डेटा म्हणजे तुम्ही नेमकं काय बघणार, काय मोजणार, काय ऐकणार आणि त्यावरून काय सिद्ध करणार. हा फरक समजून घ्यायला आज एका सिरॅमिक शिल्पकाराचं उदाहरण घेऊ : तोशिको ताकाएझू.

आधी थोडक्यात ओळख. ताकाएझू यांचा जन्म 1922 चा, हवाई बेटांवरच्या पेपेएकेओ या गावातला. आईवडील ओकिनावाहून आलेले. अकरा भावंडांत त्या सहाव्या. 1940 मध्ये त्या होनोलुलूला आल्या आणि तिथल्या एका व्यावसायिक सिरॅमिक कार्यशाळेत कामाला लागल्या. पुढे हवाई विद्यापीठात क्लॉड होरान यांच्याकडे शिकल्या. 1951 मध्ये मिशिगन राज्यातल्या क्रॅनब्रुक या कला अकादमीत गेल्या. तिथे माया ग्रोटेल या फिनलंडहून आलेल्या कलावती त्यांच्या गुरू होत्या. नंतर क्लीव्हलँडमध्ये सुमारे दहा वर्षं आणि 1967 ते 1992 प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी शिकवलं. 2011 मध्ये होनोलुलूत त्यांचं निधन झालं.

आता कामाकडे येऊ. मडक्याला तोंड असतं, कारण त्यात काहीतरी ठेवायचं असतं. ताकाएझू यांनी हे तोंडच मिटवून टाकलं. चाकावर माती चढवत नेऊन गळा इतका आवळायचा, की वर फक्त एक छोटंसं टोक आणि सुईएवढं भोक उरेल. हे भोक शोभेचं नाही. भट्टीत माती तापली की आतली वाफ आणि हवा बाहेर पडायला वाट लागते. ती नसेल तर भांडं फुटण्याचा धोका असतो. या बंद आकारांपैकी काही तळहातावर मावतात, तर सन 2000 च्या आसपासच्या 'स्टार सिरीज'मधले माणसाएवढे उंच आहेत.

बंद करण्याआधी त्या अनेकदा आणखी एक गोष्ट करायच्या. मातीचा एक छोटा तुकडा कागदात गुंडाळून आत टाकायच्या. कागद का, तर ओली माती आतल्या भिंतीला चिकटू नये म्हणून. भट्टीत कागद जळून जातो आणि तुकडा मोकळा होतो. मग ते शिल्प हलवलं की आतून खुळखुळ आवाज येतो.

आपल्याकडे माठ घेताना आपण तो टिचकी मारून बघतो. नारळ कानाशी नेऊन हलवतो. म्हणजे आत काय आहे हे डोळ्यांना दिसत नसेल तर कानाला विचारायचं, ही पद्धत आपल्याला नवी नाही. संशोधन सुरू झालं की मात्र आपण ती विसरतो. खरी अडचण इथे आहे.

नोंदीत काय येतं, काय गळतं

संग्रहालयाची नोंद डोळ्यांसमोर आणा. नाव, साल, माध्यम, उंची, व्यास आणि एक फोटो. ताकाएझू यांच्या शिल्पाबाबत या नोंदीतून निदान दोन गोष्टी गळतात.

पहिली म्हणजे आवाज. ही शिल्पं हातात घेऊन ऐकता येण्याजोगी आहेत, पण संग्रहालयात हात लावायला बंदी असते. ती बंदी योग्यच आहे, वस्तू टिकवायची असेल तर दुसरा इलाज नाही. पण परिणाम असा की जतन करता करता कामाचा एक भाग मुका होतो.

दुसरी म्हणजे पाठीमागची बाजू. मोठ्या आकारांवर त्या भोवती फिरत ग्लेझ ओतायच्या, कुंचल्याने रंगवायच्या. त्यामुळे अशा शिल्पाला 'समोरची बाजू' अशी नसते. फोटोला मात्र ती लागतेच.

आता समजा तुम्ही पन्नास फोटो जमवले आणि 'ताकाएझू यांची रंगसंगती' यावर प्रबंध लिहिला. तो खोटा असेलच असं नाही. पण तो शिल्पांच्या एका बाजूवरचा, म्हणजे फोटोग्राफरने निवडलेल्या बाजूवरचा प्रबंध असेल. हे तुम्ही मर्यादांच्या प्रकरणात लिहिलं नाही, तर बाह्य परीक्षक विचारणारच.

चरित्रातून उत्तर शोधण्याचा मोह

दुसरा खड्डा चरित्राचा. नाव जपानी, जन्म हवाईचा, शिक्षण अमेरिकेत. बघताक्षणी वाक्य तयार होतं : "त्यांच्या कलेत पूर्व आणि पश्चिमेचा संगम आहे." ऐकायला छान, पण हे तपासणार कसं?

अशा वेळी सगळ्यात साधं हत्यार वापरा, सालांचा तक्ता. ताकाएझू पहिल्यांदा माती शिकल्या होनोलुलूत. मग मिशिगन. जपानला त्या गेल्या 1955 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. तिथे त्यांनी झेन आणि चहाविधीचा अनुभव घेतला, शोजी हामादांसारख्या मोठ्या कुंभारांना भेटल्या. पूर्ण बंद आकार पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात येतात. "म्हणजे जपानचाच प्रभाव!" थांबा. त्याआधी, क्रॅनब्रुकच्या काळातच, त्या दोन किंवा अधिक तोंडांची भांडी करत होत्या. भांड्याचं 'तोंड' म्हणजे नेमकं काय, हा खेळ जपानच्या आधीच सुरू झालेला दिसतो. एखादी गोष्ट नंतर घडली म्हणून ती आधीच्या गोष्टीमुळेच घडली, असं होत नाही. जपानचा वाटा असेल, पण तो किती आणि कशात, हे वस्तूंवरून दाखवावं लागेल.

शिवाय 'जपानी' हे लेबल तरी कितपत नीट बसतं? आईवडील ओकिनावाचे, आणि ओकिनावाची भाषा आणि इतिहास वेगळा. किलाउएआ इकीच्या 1959 च्या उद्रेकात जळून उभं राहिलेलं हवाईतलं जंगल त्यांच्या उंच, झाडासारख्या शिल्पांमागे आहे. याला पूर्व म्हणणार की पश्चिम? लेबल मोठं झालं की त्यातून अशा नेमक्या गोष्टी निसटतात.

मग प्रश्न कसा घडवायचा

"मग एक्स-रे काढू या", असं कुणी म्हणेल. शक्य आहे. आतला तुकडा कुठे पडलाय, केवढा आहे, भिंत किती जाड आहे, ते कळेल. पण तो टाकल्याने ऐकणाऱ्याचं शिल्पाशी नातं कसं बदलतं, हे एक्स-रे सांगणार नाही. पद्धत चांगली की वाईट हा मुद्दाच नसतो. ती तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते का, एवढंच बघायचं.

न्यूयॉर्कच्या नोगुची संग्रहालयाने 2024 मध्ये ताकाएझू यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्याच्या संयोजकांत लेइलेहुआ लान्झिलोट्टी या संगीतकार होत्या आणि शिल्पांचा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोहोचेल याची मुद्दाम सोय केली होती. हा संशोधनातला निर्णय आहे. आवाज हाही पुरावा आहे असं आधी कुणीतरी ठरवावं लागलं, मग तो नोंदवला गेला.

"तोशिको ताकाएझू : जीवन आणि कार्य" हे शीर्षक सिनॉप्सिसवर दिलंत, तर समिती विचारेल, यात प्रश्न कुठे आहे? त्याऐवजी हे बघा : "हाताळून ऐकण्यासाठी घडवलेली शिल्पं संग्रहालयात गेल्यावर त्यांच्या नोंदीत काय बदलतं?" आता डेटा समोर दिसतो : संग्रहालयांच्या नोंदी, ध्वनिमुद्रणं, त्यांच्या स्टुडिओत राहून शिकलेल्यांच्या मुलाखती. मर्यादाही दिसतात. आणि प्रबंधाचं उत्तर चूक ठरू शकतं, म्हणजेच तो खरा प्रश्न आहे.

तुमचा विषय मातीचा नसेलही. तरी या आठवड्यात एक काम करा. तुमच्या मुख्य साधनाचं, मग तो दस्तऐवज असो, मुलाखत असो की सर्वेक्षण, नाव एका कागदावर लिहा. खाली दोन रकाने करा : 'यातून काय कळतं' आणि 'यातून काय कळूच शकत नाही'. दुसरा रकाना रिकामा राहिला तर सिनॉप्सिस लिहायला अजून बसू नका. तो भरला, की गाईडकडे जाताना तोच कागद बरोबर न्या.