घरच्या जळणाचा बारमाही जमाखर्च

कपाशीस खत किती घातलें, मजुरी किती गेली, याचा हिशेब आपल्यापैकीं पुष्कळ शेतकरी ठेवितात. परंतु घरांत जळण किती लागतें असें विचारिल्यास "लागेल तितकें" हेंच उत्तर बहुधा मिळतें. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली, तरी त्याचेंहि उत्तर दोन वर्षांपूर्वीं याहून निराळें नव्हतें.

आमचें घर फुलंब्री तालुक्यांत; माणसें सहा. त्या सालीं पौषांत गॅसची टाकी एकोणीस दिवसांत संपली. जाळ विनाकारण मोठा ठेविला जातो, असा ठपका मीं सूनबाईवर ठेविला. ती इतकेंच म्हणाली, "मामंजी, आपण दप्तराचे माणूस, लिहून पाहावें." बोलणें लागलें, पण पटलें, आणि त्याच दिवशीं वही घातली.

वहीची रीत सोपी आहे. आरंभ दिवाळीच्या पाडव्यास करावा. इंग्रजी वर्ष धरिल्यास एकच हिवाळा दोन वर्षांत तुटतो. पाडव्यापासून थंडी, ऊन व पाऊस ओळीनें येतात. घरगुती टाकींत गॅस १४.२ किलो असतो, व रिकाम्या टाकीचें वजन तिच्यावरच छापलेलें असतें. दरमहा टाकी तोलून तें वजा केलें कीं शिल्लक कळते. सरपणाची एक मोळी तोलून पुढें मोळ्या मोजाव्या, गोवऱ्यांचेंहि तसेंच. जेवणारीं माणसें रोज मांडावीं, म्हणजे पाहुण्यांचा खर्च घरच्या माथीं बसत नाहीं.

आमच्या वहींत वैशाखांत टाकी चौतीस दिवस पुरली. म्हणजे रोजचा खर्च सुमारें ४२० ग्रॅम. पौषांत तोच ७५० ग्रॅम. स्वयंपाक दोन्ही वेळां सारखाच होता. मग हे ३३० ग्रॅम गेले कोठें? त्या हिवाळ्यांत न्हाणीचा जुना बंब गळूं लागला होता, आणि आंघोळीचें पाणी मुकाट्यानें गॅसवर येऊन बसलें होतें.

गणितहि जुळलें. १५ लिटरांची बादली १८ अंशांवरून ४२ अंशांवर नेण्यास ३६० उष्णांक लागतात. सहा बादल्यांस २,१६०. एक किलो गॅसांत सुमारें ११,००० उष्णांक असून शेगडीवर त्यांतील साठ टक्के पदरांत पडले असें धरिलें, तर रोज सुमारें ३३० ग्रॅम, म्हणजे महिन्यास जवळ जवळ दहा किलो गॅस केवळ आंघोळीस जातो. मीं सूनबाईची क्षमा मागितली, व बंब दुरुस्त करविला. पुढील पौषांत टाकी बत्तीस दिवस गेली.

बंबांत आम्हीं घरच्या पऱ्हाट्या जाळितों. त्या रचून ठेविल्यास उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते; म्हणून नवी लावणी होण्यापूर्वीं त्या संपविणें पिकाच्याहि हिताचें आहे. सरपण मात्र पावसाळ्यापूर्वीं छपराखालीं घ्यावें. ओल्या लांकडांतील दर लिटर पाण्याची वाफ होण्यांत सुमारें ६०० उष्णांक व्यर्थ जातात, आणि वर धूर बायकांच्या डोळ्यांस व छातीस जाचतो. साध्या चुलींत तर लांकडाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यास लागतो.

गोवऱ्यांचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण तो चुलीचा नसून शेताचा खर्च आहे. डॉ. व्होएल्कर यांनीं १८९३ च्या आपल्या अहवालांतच म्हटलें होतें कीं, सरपणाच्या टंचाईमुळें या देशांत शेण जळतें व जमीन खताला मुकते. ज्यांच्या गोठ्यांत चार-पांच जनावरें आहेत, त्यांनीं दोन घनमीटरांच्या गोबरगॅस संयंत्राचा विचार करावा. त्यास रोज सुमारें ५० किलो ताजें शेण लागतें. गॅस घरांत येतो आणि मळी खत होऊन शेतांत जाते.

येत्या पाडव्यास प्रत्येकानें एक वही घालावी. तिजमुळें पैसा वांचेलच. परंतु मजप्रमाणें एखाद्यास घरांतील निरपराध माणसाला बोल लावण्यापासूनहि ती वांचवील.