सोनं वाढतं, मजुरी वाढत नाही

अक्षय्य तृतीया किंवा दसरा जवळ आला की सराफकट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘दागिना केला की हौसही होते, गुंतवणूकही होते.’ हौसेबद्दल वाद नाही. गुंतवणुकीचा हिशेब मात्र मांडून बघायला हवा.

सोपं जावं म्हणून 22 कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला एक लाख धरू. तेवढ्या वजनाची बांगडी घेतली, मजुरी 12 टक्के. झाले 1,12,000. त्यावर 3 टक्के जीएसटी, म्हणजे 1,15,360. संध्याकाळी तीच बांगडी मोडायला नेली आणि दुकानदाराने 2 टक्के घट धरली, तर हातात 98,000. भाव तसूभरही न हलता सतरा हजार गेले. ते भरून निघायला भाव जवळजवळ 18 टक्क्यांनी चढावा लागतो. घडणीतून कमाई होते ती कारागिराची आणि पेढीची. आपल्या वाट्याला येते फक्त धातूची भाववाढ.

‘तूट तर होणारच, सोनं जळतं’ हाही एक आवडता समज. कानस मारताना, झिलई करताना कण उडतात हे खरं, पण ते हवेत विरत नाहीत. सोनाराच्या दुकानातली माती आणि राख धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांचा पिढीजात धंदा उगाच नाही उभा राहिला! मजुरी देऊन वर वेगळी तूटही लावली असेल, तर घासाघीस करायला लाजू नका.

हॉलमार्क असला की सगळी चिंता मिटली, असंही नाही. हॉलमार्क फक्त शुद्धतेची हमी देतो. 916 म्हणजे हजारात 916 भाग सोनं. वजन, भाव, मजुरी यांच्याशी त्याचा संबंध नाही. 1 एप्रिल 2023 पासून सराफाला सहा अक्षर-अंकी एचयूआयडी असलेलाच हॉलमार्कचा दागिना विकता येतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून दुकानातच तपासता येतो. उलट, आजीच्या पाटल्यांवर हॉलमार्क नाही म्हणून त्या विकता येत नाहीत, ही भीतीही खोटी. बंधन विकणाऱ्या सराफावर आहे, आपल्यावर नाही.

ठुशी किंवा बोरमाळ घेताना एकूण वजनावर जाऊ नका. पोकळ मण्यांत लाख भरलेली असू शकते, खडेही वजनात येतात. मोडताना दोन्ही वजा होतात.

‘जुनं देऊन नवं घेतलं की घट लागत नाही’ हे काही पेढ्यांत खरं असतं. पण नव्या दागिन्यावर मजुरी आणि कर पुन्हा भरावाच लागतो. दर काही वर्षांनी घाट बदलणाऱ्याचं सोनं म्हणूनच वाढत नाही.

नफाच हवा असेल तर वेढणी, नाणं किंवा गोल्ड ईटीएफ बरं. अंगावर घालायचंच असेल तर साधे गोठ, पाटल्या करा, त्यांना मजुरी कमी पडते. आणि निव्वळ वजन, कॅरेट, भाव, मजुरी, खड्यांची किंमत बिलावर वेगवेगळी लिहून घ्या. मोडीच्या अटी पैसे देण्याआधीच विचारा.