धनगरांचा वाडा आणि टेक्ससचे गुराखी
दिवाळी सरताच पारनेरच्या रस्त्यावर, लादलेल्या घोड्यांसह मेंढ्या हाकीत घाटाकडे निघालेला धनगरांचा वाडा दृष्टीस पडला आणि १८६७ पासून टेक्ससहून कॅन्ससमधील ॲबिलीनच्या रेल्वेस्थानकापर्यंत सहस्रावधी गुरे नेणाऱ्या अमेरिकन गुराख्यांचे स्मरण झाले.

साम्य मात्र वरवरचे. तो गुराखी बहुधा पगारावर परक्याची गुरे विक्रीस नेई. आपला मेंढपाळ स्वतःची जित्राबे आणि बायकामुले घेऊन कोकणात उतरतो व पावसाच्या आत देशावर परततो, कारण दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही.

वाटेत शेतकरी खतासाठी रात्री रानात मेंढ्या बसवून घेतो. मोबदला पूर्वी धान्याचा, आता पुष्कळदा रोख. दस्तऐवजाविना, केवळ शब्दावर चालणाऱ्या या व्यवहाराचे मला विलक्षण अप्रूप वाटते.

आपल्या शिवारात वाडा उतरत असेल तर अवश्य कळवावे.