विजयानंदातील एक रात्र आणि जलशांच्या अनेक रात्री : प्रयोगकलेच्या इतिहासाची साधने

दि. २१ डिसेंबर १९०९ रोजी रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'संगीत शारदा' ह्या नाटकाचा खेळ लागला होता. जिल्ह्याचे कलेक्टर आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन ह्यांची मुंबईस बदली झाली होती, आणि निरोपादाखल त्यांना ह्या खेळाचे निमंत्रण होते. नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे ह्या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या व त्यांत जॅक्सन ह्यांचा अंत झाला. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे ह्या तिघांना एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. हा वृत्तान्त महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. राजकीय इतिहासकाराचे काम येथे बहुतांशी पुरे होते. नाट्येतिहासकाराचे येथून सुरू होते, कारण त्याचा प्रश्न निराळा असतो : त्या रात्री 'शारदे'चे काय झाले?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो; पण त्याचे उत्तर शोधू लागताच साधनांचे स्वरूप उघडे पडते. साहेब आत शिरत असतानाच गोळी सुटली असे काही कथनांत आढळते. खेळ रंगात आला असताना ती सुटली असे अन्य काही कथनांत. दोहोंतील अंतर काही मिनिटांचेच असेल. तथापि पहिल्या कथनानुसार प्रयोग झालाच नाही, आणि दुसऱ्यानुसार तो मध्येच भंगला. न्यायालयाला ह्या भेदाचे महत्त्व नव्हते. आरोपी कोठे होता, हत्यार कोणी पुरविले, कटात कोण सामील होते, एवढेच त्याला निश्चित करावयाचे होते. नाटक त्याच्या दृष्टीने केवळ घटनास्थळाची खूण होय. ज्या प्रयोगाची तारीख मराठी रंगभूमीच्या इतिहासात कोणासही विचारावी लागत नाही, त्याच प्रयोगाविषयी अभ्यासकाच्या हाती इतके थोडे यावे, हा विरोधाभास मोठा बोधप्रद आहे.

दप्तर हे कोणी तरी, काही तरी हेतूने ठेवलेले असते. इंग्रजी अमदानीत प्रयोगकला सरकारी दप्तरात शिरली ती मुख्यतः संशयिताच्या रूपाने. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार सरकारला मिळाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले व १९१० मध्ये त्यावर बंदी आली. ज्या नाटकात सरकारला काही खटकले नाही, त्याची नोंद ठेवण्याचे सरकारला कारण नव्हते. म्हणून केवळ सरकारी कागदांवर विसंबून लिहिलेल्या इतिहासात त्या काळची सगळी रंगभूमी राजद्रोहानेच पेटलेली दिसेल; वस्तुतः प्रेक्षक त्याच आठवड्यात प्रहसनांना आणि पौराणिक खेळांनाही गर्दी करीत होते.

नाशिकचेच दुसरे उदाहरण ह्याहून सूक्ष्म आहे. मित्रमेळ्याच्या परिवारातील कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, ह्यांच्या पद्यांच्या प्रकाशनाबद्दल गणेश दामोदर सावरकर ह्यांना जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. देवदेवतांच्या कथा वरकरणी सांगणाऱ्या ह्या पद्यांचा रोख वर्तमान राज्यकर्त्यांकडे आहे, हे न्यायालयाने शब्दांचा अर्थ लावून सिद्ध मानले. ह्या खटल्यापायी त्या कवितेला इंग्रजी भाषांतर लाभले, कायद्याच्या ग्रंथांत स्थान लाभले. परंतु मेळ्याचे पद ही मुळात वाचावयाची वस्तू नव्हे. ते गणेशोत्सवात उभे राहून, ठेक्यावर, अनेक कंठांतून म्हणावयाचे असते. ध्रुपद किती वेळा फिरून येई, कोणत्या ओळीवर श्रोते साथ धरीत, चाल कोणत्या प्रचलित पदावरून उचललेली होती, ह्यांपैकी काहीही भाषांतरकाराच्या मेजावर पोहोचत नाही. अर्थ दप्तरात गेला आणि प्रयोग बाहेर राहिला.

एवढ्यावरून दप्तर निरुपयोगी ठरते असे मात्र नाही. मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाच्या साधनांचे जे खंड १९५७ पासून प्रसिद्ध केले, त्यांतील गणेशोत्सव व मेळे ह्यांविषयीचे वृत्तान्त सावधपणे वाचणाऱ्यास पुष्कळ काही देतात. हेराला कलेची गोडी नसेल, पण जमाव कोठे जमला आणि कोण काय बोलले, हे टिपणे त्याचे कर्तव्य असते. तो चालीविषयी मूक असतो, जागेविषयी बोलका. मुंबईच्या पुराभिलेखागारातील न्यायखात्याची दप्तरे, देशी वृत्तपत्रांचे सरकारी साप्ताहिक गोषवारे, आणि १८४० मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांतील जुनी छापील सामग्री ही एकमेकांशेजारी ठेवून वाचली, म्हणजे एकाचे मौन दुसऱ्याच्या बोलण्याने काहीसे भरून निघते. नाटकाची जाहिरात, नटांची आत्मचरित्रे आणि पोलिसांचा अहवाल ही तीन साधने तीन निरनिराळ्या गरजांतून जन्मास आलेली असतात. त्यांचे जेथे एकमत होते तेथे पाय रोवता येतो.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मारले गेलेले जॅक्सन हे स्वतः प्राच्यविद्येचे व्यासंगी होते. गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली धाडून त्यांनी लोकसमजुती, विधी व दैवतकथा गोळा करविल्या होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन ह्यांनी ही सामग्री सिद्ध करून १९१४ व १९१५ मध्ये गुजरात आणि कोकण ह्यांविषयीचे दोन भाग काढले. मौखिक परंपरेच्या संग्रहाचा हा एक आरंभीचा पद्धतशीर यत्न खरा. पण त्याचा दोषही स्पष्ट आहे. तेथे मास्तर उत्तर देतो आणि गाव त्याच्यामागे अदृश्य होते. सांगणारी म्हातारी कोण, तिने ते कोणापुढे म्हटले, हे कागदावर उतरत नाही. त्याही आधी, १८९१ मध्ये, ॲकवर्थ आणि शाळिग्राम ह्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हाही गोंधळ्यांच्या मुखातून मिळालेले शब्द हाती राहिले आणि डफ-तुणतुणे मागे राहिले. ह्या थोर संग्राहकांच्या ऋणात राहूनही त्यांची ही मर्यादा ध्यानी घेतली पाहिजे.

विजयानंदातल्या रात्रीच्या अगदी उलट स्थिती आंबेडकरी जलशांची आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ह्याच जिल्ह्यात येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. सभा, ठराव, अटका ह्यांचे कागद आहेत. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये काढलेल्या साधनखंडात पोलिसी वृत्तान्त छापलेही गेले. परंतु सभेला माणूस यावा म्हणून ज्यांनी गावोगाव रात्री जागविल्या, त्या जलसेकारांची दखल कागदाने फारशी घेतली नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात आपला आशय भरला होता; आंबेडकरी जलशांनी तो साचा आणखी बदलला. गणाच्या जागी नवे वंदन आले, गौळणीचा शृंगार गेला, वगाच्या जागी गावकीतले, पाणवठ्यावरचे, शाळेतले प्रसंग आले. नाशिक भागातील अग्रगण्य जलसेकार भीमराव कर्डक ह्यांनी स्वतःच १९७८ मध्ये ह्या जलशांच्या स्वरूपावर व कार्यावर ग्रंथ लिहिला. कर्त्यानेच लेखणी हाती धरली नसती, तर अभ्यासकास कोठून आरंभ करावा हेही उमगले नसते.

म्हणून येथे मौखिक साधनांस पर्याय नाही. आणि त्यांची शिस्त कागदाच्या शिस्तीहून कमी कठोर नाही. "जलसा कोणत्या साली झाला?" असे विचारल्यास वृद्ध माणूस संकोचतो किंवा विचारणाऱ्यास बरे वाटेल असे साल सांगतो. तेच "सिंहस्थाच्या आधी की नंतर?" असे विचारल्यास चित्र निराळे दिसते. नाशिककराच्या स्मृतीत १९४४, १९५६, १९६८ हे सिंहस्थ मैलाच्या दगडांसारखे उभे असतात. तसाच १९६९ चा गोदावरीचा पूर. दुतोंड्या मारुती कितपत बुडाला ह्यावरून पूर मोजणाऱ्या गावात काळ मोजण्याचीही अशीच मापे असतात. दिवा कोणता होता, ढोलकी कोणाची, मंडळी जेवली कोणाच्या घरी, बायका कोठे बसल्या, असे प्रश्न विचारले की प्रयोग पुन्हा उभा राहू लागतो. जेवणाचा प्रश्न तर कधीही गाळू नये. कोणत्या घराने कलावंतांना ताट वाढले आणि कोणत्या आळीने खेळ होऊ दिला नाही, ह्यात त्या गावाचा सगळा सामाजिक नकाशा असतो.

स्मृती चुकते, हा आक्षेप जुना आहे. इटालीतील तेर्नी ह्या पोलादाच्या कारखान्याच्या गावी लुईजी त्रास्तुल्ली नावाचा कामगार १९४९ मध्ये निदर्शनाच्या वेळी मारला गेला; पण अनेक कामगारांनी तो १९५३ च्या कामगारकपातीच्या संघर्षात पडल्याचे सांगितले. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली ह्या संशोधकाने ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही. लोकांनी मृत्यूची तारीख का हलविली, हा त्याने अभ्यासाचा विषय केला. विजयानंदाच्या रात्रीस हीच दृष्टी लावता येईल. खेळ रंगात असताना गोळी सुटली असे सांगणाऱ्यास कदाचित वेळ चुकीची स्मरत असेल. पण नाटक आणि वध ही एकाच रंगमंचावर पाहण्याची लोकमानसाची ओढ त्यातून दिसते, आणि ती नाट्येतिहासाचाच भाग होय.

मौखिक परंपरेजवळ स्वतःची नोंदपद्धतीही असते. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ मध्ये जन्मलेले वामनदादा कर्डक ह्यांची गीते असंख्य कंठांतून फिरली, शब्द बदलले, कडवी मागेपुढे झाली. तथापि अखेरच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा बहुधा टिकली. संतांच्या अभंगांपासून शाहिरांच्या लावण्यांपर्यंत चालत आलेली ही रीत कर्तृत्वाचा लेखी पुरावा नसलेल्या समाजात सही-शिक्क्याचे काम करते. पाठभेद दिसताच एक पाठ 'शुद्ध' ठरवून बाकीचे टाकण्याची ग्रंथसंपादनातील सवय मात्र येथे घातक ठरते. प्रत्येक पाठ हा कोठे तरी झालेल्या प्रयोगाचा अवशेष असतो.

१९३० च्या दशकातील जलसे मोठेपणी पाहिलेले कोणी आता उरलेले नाही. १९५० नंतरचे जलसे व गायनपार्ट्या लहानपणी पाहिलेली पिढी आज वार्धक्यात आहे. त्यांच्या घरी पदांच्या हस्तलिखित वह्या आहेत, बुरशी धरलेल्या कॅसेटी आहेत, एखाद्या भिंतीवर पेटीवाल्या आजोबांचे छायाचित्र आहे. वही मागून नेऊन परत न करणारे अभ्यासक ह्या घरांनी पूर्वी पाहिलेले आहेत, त्यामुळे दार अर्धेच उघडते. वहीची प्रत घरातच बसून करावी, मूळ वही घरीच ठेवावी, ध्वनिमुद्रणाची एक प्रत सांगणाऱ्याच्या नातवंडांच्या हाती द्यावी, आणि नाव छापावयाचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे. दुसऱ्या भेटीस गेल्यावर पुष्कळदा असे होते की, पहिल्या दिवशी 'काही आठवत नाही' म्हणणाऱ्या आजी आपली मुद्रित वाणी ऐकून चूक काढतात, आणि मग ते कडवे स्वतःच पुन्हा, योग्य चालीवर, म्हणून दाखवितात.