बिबट्या, शेळी आणि गोठ्याचे दार

रात्री गोठ्यात शेळी ओरडली, की घरातला माणूस काठी घेऊन आधी धावतो, विचार नंतर करतो. शेळी म्हणजे गरिबाची गाय. आजारपणात, शाळेच्या फीला तीच विकली जाते. तिला वाचवायला अंधारात गेलेला माणूसच कधी जखमी होऊन दवाखान्यात येतो.

मग गावाची मागणी ठरलेली: पिंजरा लावा, बिबट्या घेऊन जा. राग समजण्यासारखा आहे, पण जुन्नरचा अनुभव वेगळाच आहे. तिथे १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याची मोहीम सुरू झाली आणि ही सरासरी १७ वर गेली. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे आकडे मांडले. उपाय रोगापेक्षा महाग पडला.

अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला गेला. त्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा निघाला कुत्र्यांचा, शेळ्यांचा फक्त ११ टक्के. शेळ्या तर कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त. फरक राखणीचा असावा: शेळी रात्री बंदिस्त, कुत्रे मोकळे. म्हणूनच छपरापर्यंत जाळी आणि आतून-बाहेरून पक्के दार हा खर्च पिंजऱ्याआधी व्हायला हवा. उघड्यावर टाकलेला कोंबड्यांचा कचराही कुत्री ओढतो, आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

कुत्र्यांचा संबंध औषधाशीही आहे. रेबीज झालेले कुत्रे बिबट्याच्या तोंडी लागू शकते. त्यामुळे बिबट्याचा ओरखडासुद्धा किरकोळ समजायचा नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. रेबीजची लस, जखमेत सीरम आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांसाठी त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे.

शेळी गेलीच, तर पंचनाम्याआधी ती जागेवरून हलवू नये. सरकारी भरपाई त्यावरच ठरते. वन विभागाला १९२६ वर लगेच कळवावे. मेलेल्या शेळीवर विष टाकणारेही असतात. बिबट्याला मारणे गुन्हा आहेच, शिवाय ते विष गावातली कुत्री-मांजरेही खातात. पण हा राग बहुधा भरपाईच्या खेपा घालून थकलेल्या माणसाचा असतो. पैसे महिनोन्‌महिने अडले, तर त्याला बिबट्याचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगायचे?