संधिविकार आणि पाय : चिकित्सालयातील एक उपेक्षित परीक्षण



संधिवाताचा रुग्ण आपल्यासमोर येऊन बसतो तेव्हा आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, गुडघ्यावर हात ठेवून सूज आणि कटकट पाहतो, हाताची बोटे दाबून पाहतो. पाय मात्र पाहावयाचे राहून जातात. रुग्ण चपला दाराबाहेर काढून येतो आणि त्याचे पाय आपल्याच टेबलाखाली, आपल्याच दृष्टीआड असतात. ही उणीव किती महाग पडू शकते, हे एका रुग्णेने आम्हांस शिकविले. तो अनुभव येथे निःसंकोचपणे मांडीत आहोत, कारण चूक आमची होती.

साठीच्या घरातील एक भगिनी आमवाताच्या लक्षणांनी आमच्याकडे आल्या. सकाळी तासभर अंग आखडलेले, हातापायांच्या लहान सांध्यांना सूज, अन्नावर वासना नाही, अंग जड. मधुमेह नऊ वर्षांपासून. सामावस्था स्पष्ट होती. आम्ही लंघन व दीपन-पाचन योजिले आणि चवड्यावरील सुजेसाठी घरच्या घरी वालुकापोट्टलीचा रूक्ष स्वेद करण्यास सांगितले. तिसऱ्या दिवशी त्यांची सूनबाई घाईघाईने घेऊन आली. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूस रुपयाएवढा फोड आला होता. “सासूबाई म्हणत होत्या, शेक लागतच नाही, म्हणून वाळू जास्त तापवली,” असे तिने सांगितले.

शेक लागत नव्हता याचे कारण तळव्याची संवेदनाच हरपली होती. त्या दिवशी आम्ही प्रथमच त्यांचे पाय हातात घेऊन पाहिले. अंगठा बाहेरच्या बाजूस कललेला, शेजारची बोटे वर उचललेली, तळव्यावर चवड्याच्या हाडांची डोकी खाली उतरलेली आणि त्यांवर जाड घट्टे. हे सारे पहिल्या दिवशीही तेथेच होते. शल्यचिकित्सकांच्या साहाय्याने व्रण भरण्यास अडीच महिने लागले. अंगठा वाचला, हे दैव.

अधिक खेद याचा की शास्त्राने आम्हांस आधीच सावध केले होते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील स्वेदाध्यायात अस्वेद्य व्यक्तींच्या गणनेत मधुमेहीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. तो अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला. रुग्णासमोर मात्र तो आठवला नाही.

शास्त्रात पायाचे स्थान

पायाचा विचार आपल्या संहितांत विखुरलेला असला तरी तो तोकडा नाही. सुश्रुताचार्य वातरक्ताचे वर्णन करताना तो प्रायः पायांच्या मुळाशी आश्रय घेतो, क्वचित हातांशी, आणि तेथून उंदराच्या विषाप्रमाणे देहभर पसरतो असे सांगतात. वाकड्या पडलेल्या पावलामुळे घोट्याच्या ठिकाणी होणारा वातकंटक, गुडघ्यास कोल्ह्याच्या डोक्याप्रमाणे स्थूल करणारे क्रोष्टुकशीर्ष, तसेच पाददाह व पादहर्ष हे वातव्याधींत येतात, तर कदर, पाददारी व अलस हे क्षुद्ररोगांत. माधवनिदानात आमवाताची स्थाने सांगताना हात, पाय, घोटे, गुडघे यांचा स्वतंत्र निर्देश आहे. चरकाचार्यांनी दिनचर्येत पादाभ्यंग, पादप्रक्षालन आणि पादत्रधारण यांना वेगवेगळे स्थान दिले. पाश्चात्त्य देशांत पोडिएट्री या नावाने जी स्वतंत्र पादचिकित्सा शाखा उभी आहे, तिची अनेक बीजे अशी आपल्याही ग्रंथांत आहेत. आपल्याकडे मात्र असा स्वतंत्र पादचिकित्सक सहजी मिळत नाही. मोठ्या शहरांतील मधुमेही पादचिकित्सा केंद्रे सोडल्यास हे काम सामान्य वैद्यासच करावे लागते.

संधिविकार पायात कसा दिसतो

एका पावलात २६ अस्थी आणि ३३ सांधे असतात. उभ्या देहाचा सारा भार त्यांवर पडतो. म्हणून संधिविकार तेथे लवकर व्यक्त होतो.

आमवाताशी ज्याची तुलना केली जाते त्या ऱ्हुमॅटॉइड विकारात चवड्याचे सांधे प्रारंभीच सुजतात. रुग्ण “तळव्याखाली गोट्या आल्यासारखे वाटते” असे सांगतो. चवडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला असता वेदना होते. पुढे पावलाची कमान बसते आणि टाच बाहेरच्या बाजूस झुकते. वातरक्ताशी निकट असलेल्या गाऊटमध्ये अंगठ्याच्या मुळाचा सांधा रात्रीतून लाल व उष्ण होतो. अंगावरचे पांघरूणही सहन होत नाही. संधिगत वातात गुडघा आणि अंगठ्याचे मूळ झिजते. घोटा झिजला असल्यास जुना मुरगळा वा अस्थिभंग झाला होता का, हे अवश्य विचारावे. तरुण रुग्णाची टाच सकाळी दुखते, कंबर आखडते आणि हालचालीने बरे वाटते, तेव्हा केवळ ‘टाचेचे हाड वाढले’ म्हणून त्यास परत पाठवू नये; मणक्याच्या दाहजन्य विकाराचा विचार करावा. एखादे बोट संपूर्ण सुजलेले असेल तर नखे व त्वचा पाहावी, सोरायसिस दडलेला असू शकतो.

पाय दुखला की चाल बदलते. रुग्ण पाऊल वाचवितो, भार गुडघ्यावर व कमरेवर टाकतो आणि मांडीचे स्नायू क्षीण होतात. म्हणून गुडघ्याची चिकित्सा करूनही उपशम नसेल तर पावलाकडे वळावे.

पाच मिनिटांचे परीक्षण

त्या प्रसंगानंतर आम्ही पुढील क्रम ठेवला आहे. रुग्णास चपला घेऊनच आत बोलवावे. तळ कोठे झिजला आहे, यावरून भार कोठे पडतो ते कळते. नंतर त्यास दहा पावले चालावयास सांगावे. उभ्या स्थितीत मागून टाच व कमान पाहावी, मग बसवून तळवा, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहावीत. पावलाच्या वरची आणि आतल्या घोट्यामागची अशा दोन्ही नाड्या हाताने पाहाव्यात. शेवटी रुग्णास डोळे मिटावयास सांगून दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या बोटांच्या टोकांस बोटाने हलकेच, एक-दोन क्षण स्पर्श करावा. सहापैकी दोन वा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही तर संवेदना गेली असे धरून चालावे. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट जवळ असल्यास उत्तमच.

भगिनींच्या बाबतीत जोडवी विसरू नयेत. सुजलेल्या बोटात रुतलेली जोडवी आम्ही अनेकदा पाहिली आहेत. सौभाग्यालंकार म्हणून त्या ती काढण्यास कचरतात. सूज उतरेपर्यंत काढून ठेवण्यास सन्मानाने, घरातील वडीलधाऱ्या बाईंसमक्ष सांगितले की बहुधा ऐकले जाते.

पादचिकित्सेतील तारतम्य

सामावस्थेत तैलाभ्यंग नको, हे आपण जाणतोच. निरामावस्थेत रात्रीचा पादाभ्यंग हितकर. परंतु बेचक्यांत तेल राहू देऊ नये आणि तेलकट पायांनी फरशीवर चालू देऊ नये, वृद्ध घसरतात. संवेदना हरपली असल्यास अथवा नाडी क्षीण असल्यास स्वेद, अग्निकर्म, क्षार आणि कदरावरील दाहकर्म ही सर्व वर्ज्य मानावीत. बाजारात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांतही दाहक द्रव्य असते, तीही नकोत. घट्टे घरी ब्लेडने कापू नयेत. नखे सरळ रेषेत कापावीत.

पादत्राण हे येथे औषधच होय. रुग्णाचे पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची आकृती काढावी आणि त्यावर त्याची चप्पल ठेवावी. पाऊल चपलेबाहेर डोकावते, हे तो स्वतःच पाहतो. मग वेगळा उपदेश लागत नाही. चवड्याकडे रुंद, मागे पट्टा असलेली, आत मऊ आणि खाली टणक तळाची, टाच एका इंचाहून कमी असलेली वहाण निवडावी. अंगठ्याच्या पट्ट्याची चप्पल संवेदना गेलेल्या पायातून निसटते आणि ते कळतही नाही. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना हेच दाखविले की व्रण होतो तो वेदना न कळल्यामुळे. त्या कार्यातून पुढे आलेली मऊ रबराची, एमसीआर म्हणून ओळखली जाणारी वहाण आज मधुमेहींसही उपयोगी पडते. घरात चप्पल चालत नसेल तर केवळ घरात वापरण्याची स्वच्छ जोडी वेगळी ठेवण्यास सांगावे.

केव्हा थांबू नये

एकच सांधा अकस्मात लाल, उष्ण झाला आणि ज्वर आहे. एकाच पोटरीस सूज व वेदना आहे. बोट काळे-निळे पडले आहे. पाऊल उचलता येत नाही. अथवा मधुमेहीचे पाऊल वेदनेविना सुजून उष्ण झाले आहे, अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. सुजलेल्या पोटरीचे मर्दन कदापि करू नये. ऱ्हुमॅटॉइड विकारात सांध्याची हानी पहिल्या काही महिन्यांतच सुरू होते, म्हणून तज्ज्ञांचा सल्ला लांबवू नये आणि चालू असलेली आधुनिक औषधे, विशेषतः स्टेरॉइड, आपल्या भरवशावर एकाएकी बंद करवू नयेत. यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. साध्यासाध्यत्व जाणणे हे वैद्याचे पहिले लक्षण आहे.

त्या भगिनी आजही आमच्याकडे येतात. व्रण भरल्यावर पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, “वैद्यबुवा, चूक माझीच, मला कळलेच नाही.” आम्ही मान खाली घातली. न कळणे हे तर त्यांचे लक्षण होते. ते ओळखणे हे आमचे काम होते. आता त्या चपला हातात घेऊनच आत येतात आणि न सांगता पाय पुढे करतात. आपल्या प्रत्येक चिकित्सालयात हा परिपाठ पडावा, एवढीच विनंती.